पहिल्या गाण्यावरचा चहा

आमच्या घरी सकाळचा चहा बाबा करत. शाळेत होते तेव्हापासून हेच पाहत आले, त्यामुळे सगळ्या घरांत असंच असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. बडोद्यातच दांडिया बाजारात राहणाऱ्या मावश्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या की सकाळी स्वयंपाकघराच्या दारात थबकायच्या. आत बाबा बनियनवर उभे, हातात सांडशी. आणि आई बाहेर खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली. "नशीब काढलंस बाई," एखादी मावशी म्हणायची. त्यावर आई म्हणायची, "नशीब कसलं? रोज जिंकावं लागतं."

जिंकायचं ते रेडिओवर. महाराष्ट्रातल्या एका केंद्रावरून सकाळी बातम्यांनंतर मराठी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात गाण्याचं नाव आधी सांगत नसत, गाणं संपल्यावर सांगत. आमच्या घरचा नियम असा, की पहिल्या गाण्याची सुरुवातीची वाद्यं वाजत असताना, गाणाऱ्याने तोंड उघडायच्या आत, ते गाणं ओळखायचं. आधी सांगेल तो जिंकला. हरेल त्याने चहा करायचा. पैज फक्त पहिल्या गाण्यावर; पुढची गाणी चहाबरोबर नुसती ऐकायची.

आई जवळजवळ रोज जिंकायची. बाबा रोज "छे, जिभेवर होतं" असं म्हणून उठायचे.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. केंद्र महाराष्ट्रातलं आणि आम्ही बडोद्यात, त्यामुळे गाणं यायचं ते अर्धं खरखरीत बुडून. बाबा रेडिओ कधी खिडकीत ठेवत, कधी कपाटावर, कधी आडवा झोपवत. शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणी बटण दाबलं तरी आमच्याकडे कडकड व्हायचं. आणि त्या सगळ्या गोंगाटात आई कपडे वाळत घालता घालता, मान न वळवता, गाण्याचा मुखडा सांगून मोकळी व्हायची. बाबा म्हणायचे, "तुझे कान कुणीकडचे आहेत?" आई म्हणायची, "बडोद्याचे. तुमच्या भुसावळला असे मिळत नाहीत."

आईचे पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते. चार पिढ्या बडोद्यात गेल्या. महाराष्ट्र तिने पाहिला तो लग्नामुंजींपुरता. तरी मराठी गाणी तिला अशी पाठ, की जणू सगळे गाणारे दांडिया बाजारातच राहत असावेत आणि रोज भाजी घ्यायला भेटत असावेत.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही विश्वामित्रीच्या पलीकडे अकोट्याला फ्लॅट घेतला. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. मी लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं आणि आई-बाबांबरोबरच राहिले. रेडिओही आमच्याबरोबर अकोट्याला आला. पैजही आली. नव्या घरी खरखर जास्त होती, आईचे कान मात्र तसेच.

आई गेली ती पितृपक्षाच्या सुमारास. फार आजारी नव्हती; दुपारी आडवी झाली ती उठली नाही. लोक म्हणाले, भाग्यवान मरण. असेल. पण ज्यांना मागे राहायचं असतं त्यांच्या भाग्याविषयी कुणी काही बोलत नाही.

दिवस झाले, दादा पुण्याला परतला, आणि बाबांची सकाळ बंद पडली. बंद पडली म्हणजे ते उठत, अंघोळ करत, पूजा करत, पेपर उघडून बसत. पण स्वयंपाकघरात जात नसत. चहा मी करायचे आणि त्यांच्या खोलीत नेऊन द्यायचे. ते पीत. "कसा झालाय?" विचारलं तर म्हणत, "चांगलाय." तो चांगला नसायचा. माझ्या चहाबद्दल मला कधीच गैरसमज नव्हता. बाबा लीली चा, म्हणजे आपला गवती चहा, हातावर कुस्करून आधणात टाकायचे, मग आलं ठेचून, मग पावडर टाकून गॅस बंद करायचे आणि झाकण ठेवून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. दूध वेगळं गरम. मी सगळं एकत्र टाकून उकळते आणि हातात पुस्तक असेल तर उतू घालवते. पूर्वी माझ्या चहाला बाबांनी दहा नावं ठेवली असती. आता "चांगलाय" म्हणत, आणि तेच मला सोसत नव्हतं.

त्या दिवसांत मला एकच हवं होतं. बाबांनी सकाळी पुन्हा गॅसपाशी उभं राहावं. बाकी दुःख ज्याचं त्याने करायचं असतं, ते मला कळत होतं. पण सांडशी त्यांच्या हातात दिसली असती तर घर पुन्हा चालू झालंय एवढं तरी कळलं असतं.

रेडिओही आई गेल्यापासून कुणी लावला नव्हता आणि तो बंद पडला होता. सेल पाझरून आत हिरवट पूड साचली होती. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिनं उघडली त्याने तो रेडिओ एकदाही उघडून पाहिला नाही. मी त्यावरून हात फिरवून धूळ पुसत असे, इतकंच.

मोबाइलवर रेडिओ ऐकता येतो हे मला ग्रंथालयातल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं होतं. एका दुपारी मी ते ॲप उतरवून घेतलं. पडद्यावर जगाचा गोल आला आणि त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं केंद्र लागतं. मी आधी बडोदं सोडून सगळं ऐकलं. कुठल्या तरी बर्फाच्या देशातली बाई हळू आवाजात बहुधा हवामान सांगत होती. एका बेटावर दोन पुरुष हसत होते, कशाला ते देव जाणे. एक केंद्र दिवसभर फक्त घंटानाद लावायचं. मला एक शब्द कळत नव्हता आणि तरी फार बरं वाटायचं. ती माणसं त्या घटकेला तिथे बोलत होती. त्यांना आमच्या घरात काय झालंय ते माहीत नव्हतं, आणि मला ते सांगावं लागत नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना सांगून सांगून मी थकले होते.

मग एकदा भारताच्या नकाशावर बोट ठेवलं, जरा डावीकडे सरकवलं, आणि ते केंद्र लागलं. आमचं. खरखर नाही, कडकड नाही, शेजारच्यांचं बटण नाही. निवेदिका जणू ओट्यापाशी उभी राहून बोलत होती. पडद्यावर एक लाल ठिपका, आणि त्याच्या शेजारी शब्द: लाइव्ह.

मी फोन घेऊन बाबांच्या खोलीत गेले. "बाबा, ऐका."

त्यांनी ऐकलं. दोन मिनिटं असतील. मग म्हणाले, "फार स्वच्छ आहे गं."

"मग चांगलंच की."

"हो. पण स्वच्छ आहे." आणि पेपर उचलला.

मी त्यांच्याही फोनमध्ये ॲप उतरवून दिलं, कसं लावायचं ते दाखवलं, दादाने पुण्याहून पाठवलेल्या त्यांच्या इअरफोनची वायर सोडवून दिली. त्यांनी मान हलवली. ती मान "ठेव तिकडे" अशी होती.

तरी मी रोज सकाळी हॉलमध्ये माझा फोन लावून ठेवू लागले. बातम्या लागत, मग गाणी. मधे दादाचा फोन यायचा. आई गेल्यापासून तो रोज ऑफिसला निघताना फोन करतो, सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला. "बाबा जेवतात ना? झोपतात ना?" मी "हो, हो" म्हणायचे. फोन संपला की रेडिओ आपोआप पुन्हा चालू व्हायचा, मी चहा ठेवायला जायचे. पहिलं गाणं लागलं की माझे कान टवकारायचे, पण ओळखून सांगायचं कुणाला? म्हणून गप्प राहायचे.

थंडी पडली. बडोद्याची थंडी ती काय, पण बाबा कानटोपी घालून बसू लागले. दर वर्षीच घालतात. आई म्हणायची, "भुसावळचं बर्फ वितळेपर्यंत काढणार नाहीत."

अशाच एका सकाळी दादाचा फोन झाला होता, बातम्या संपत आल्या होत्या आणि मी टेबलावर भाजी निवडत होते. बाबा खोलीतून बाहेर आले. पाणी प्यायला आले असावेत. फोनमध्ये सतारीचे पहिलेच स्वर वाजले, म्हणजे वाजायला लागलेही नव्हते नीट, आणि बाबांनी गाण्याचा मुखडा सांगितला.

हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. सतार संपली, गाणारीने सुरुवात केली, आणि तेच गाणं होतं.

"बाबा?"

"काय?"

"तुम्ही जिंकलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "मग? चहा कुणी करायचा?" असं म्हणून ते खोलीत निघून गेले.

मी चहा केला. त्या दिवशी तो उतू गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. बाबा बातम्या संपायच्या बेतात कानटोपी सावरत बाहेर येत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत, आणि वाद्यांचा पहिला तुकडा कानावर पडतो न पडतो तोच उत्तर देत. एकदा तर वाद्यं वाजायच्याही आधी दिलं. निवेदिका नुसती "आता ऐकू या" म्हणाली होती.

"हे कसं शक्य आहे?" मी म्हटलं.

"सराव," बाबा म्हणाले.

"इतकी वर्षं तर रोज हरत होतात."

"तीच तर सरावाची वर्षं."

मला आनंद झाला होता हे खरं. पण हवं होतं त्याच्या उलट झालं होतं. बाबा खेळात परतले, पण रोज जिंकत होते. म्हणजे चहा रोज माझ्याच माथी. सांडशी त्यांच्या हातात यायची असेल तर त्यांना हरवणं भाग होतं. मग मी अभ्यासाला लागले. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दुपारभर जुनी गाणी लावायची, सुरुवातीचं संगीत ऐकायचं, थांबवायचं, ओळखायचं. बासरीने सुरू होणारी, सनईने, नुसत्या तबल्याच्या ठेक्याने. माझी बरीच प्रगती झाली. सकाळी मात्र बाबा माझ्या आधी तोंड उघडत, दर वेळी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती मासी राहतात, आईच्या वयाच्या. आई आणि त्या मिळून सगळ्या बिल्डिंगचं लोणचं घालायच्या. आई त्यांच्याशी मराठीत बोलायची, त्या आईशी गुजरातीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही. मी त्यांना बाबांचा हा पराक्रम सांगितला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वाटीत गरम हांडवा घेऊन खाली आल्या आणि सोफ्यावर ठाण मांडून बसल्या.

बाबा आले. "केम छो बेन?" म्हणाले, खुर्चीला हात लावला, आणि गाण्याचं नाव सांगितलं. मग गाणं लागलं.

मासींनी हांडव्याची वाटी खाली ठेवली. "भाई, तमे तो अंतर्यामी छो."

"छे हो."

"ना ना. हवे कहो, मारा दीकराना विझानुं क्यारे थशे?"

"मुलाच्या व्हिसाचं गाण्यावर येणार नाही बेन."

"तो मॅचनुं कहो. कोण जीतशे?"

"टॉस होऊ द्या आधी."

मासी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बेटा, मजाक नथी. माणस एकला पडे ने, तो भगवान एनी साथे बोले." त्यांच्या आवाजात खरंच भक्ती होती. मी ग्रंथालयात वाढलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी भाजी चिरताना माझ्याही मनात येऊन गेलं, की आईचे कान कुठे गेले असतील? असं वाटून गेलं, आणि मी तो विचार झटकला, पण जरा उशिरानेच झटकला.

मग तो रविवार आला. दादा कामासाठी नागपूरला निघाला होता, गाडीत होता, रेंज नसेल असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं त्याने. त्यामुळे सकाळी त्याचा फोन आला नाही. बातम्या सलग झाल्या. मासी रविवार म्हणून मुद्दाम आल्या होत्या, त्यांच्याबरोबर पापडीचं पुडकं होतं. बातम्या संपल्या, पेटी वाजली, मी घाईघाईने गाणं ओळखायचा प्रयत्न केला, चुकले, गाणं सुरू झालं, मुखडा झाला, पहिलं कडवं चालू झालं. बाबांचा पत्ता नाही.

पहिलं कडवं अर्ध्यावर असताना बाबा आले. कानटोपी, शाल, खुर्चीला हात. आणि शांतपणे, रोजच्यासारखा, गाण्याचा मुखडा सांगितला.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. फोनमधून गाणारा कडव्याच्या शेवटच्या ओळीवर आला होता.

बाबांनी फोनकडे पाहिलं. "आज घाईत आहे का हा?"

"कोण?"

"तुझा फोन."

मी उठले. "बाबा, कानटोपी काढा बघू."

"थंडी आहे."

"घरात?"

"वय झालंय आता."

मासी उठल्या, पापडी बाजूला ठेवली, आणि वहिनीने दिराची काढावी तशी बाबांची कानटोपी वर ओढली. डाव्या कानात इअरफोनचं बोंड होतं. वायर शालीतून खिशात गेली होती. मासींनी ते बोंड काढून स्वतःच्या कानाला लावलं, ऐकलं, आणि मला म्हणाल्या, "ए ज गायन छे." मग बाबांकडे बोट दाखवून, "चोर पकडायो."

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. पितृपक्षानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता. मासी हसत होत्या, मी हसत होते, आणि फोनमध्ये त्या गरीब गायकाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मग उलगडा झाला. बाबा रोज खोलीत एकटे रेडिओ ऐकत होते. मी ॲप दाखवलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. मला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना एकट्यालाच ऐकायचं होतं. त्यांच्या फोनवर तो सलग चालायचा. माझ्या फोनवर दादाचा कॉल आला की रेडिओ थांबायचा, आणि कॉल संपला की जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू व्हायचा. लाल ठिपका तसाच, "लाइव्ह" तसंच, आणि मी बाबांच्या दोन-चार मिनिटं मागे. मला ते सुचलंच नाही. आमच्या पिढीच्या डोक्यात रेडिओ म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येणारी गोष्ट. आपण उठून गेलो तर गाणं आपल्यासाठी थांबत नाही. परत यावं तर अंतरा संपलेला. थांबून वाट बघणारा रेडिओ आम्ही कुठे पाहिला होता?

"पहिल्या दिवशी खरंच पाणी प्यायला आलो होतो," बाबा म्हणाले. "आत गाणं ऐकून झालं, बाहेर आलो तर तेच इथे सुरू होतंय. तोंडातून निघून गेलं. मग तुझं तोंड पाहिलं. म्हटलं, हसतेय तर चालू द्या."

"पण ही लबाडी झाली," मी म्हटलं. "आईने कधी अशी केली नाही."

बाबांनी माझ्याकडे जणू मी लहान आहे असं पाहिलं. "तुझ्या आईने? केंद्र पहाटे सुरू होतं तेव्हा सबंध सकाळच्या कार्यक्रमांची माहिती देतात. गाण्यांच्या कार्यक्रमात आज कोण गाणार, कुणाची गीतं, सगळं. तुम्ही पोरं झोपलेली असायची. ती उठून आवाज बारीक करून ते ऐकायची. कोण गाणार हे कळलं की राहिलं काय? तिला सगळी पाठच होती."

"आणि तुम्ही?"

"मी अंघोळीला असायचो."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"क्वार्टरच्या न्हाणीघराची भिंत केवढीशी होती? सगळं ऐकू यायचं."

मासींना एवढं मराठी कळत होतं. त्या म्हणाल्या, "तो भाई, तमे पकडी केम नहीं?"

बाबांनी खांद्यावरची शाल नीट केली. मग म्हणाले, "बेन, ती दिवसभर उभी असायची. सकाळी चहा मी करतो, तू बस, असं म्हटलं असतं तर बसली असती का? 'लोक काय म्हणतील' म्हणाली असती. पैज हरलो म्हटल्यावर बसायची. अगदी पाय वर घेऊन."

मासींनी डोळ्याला पदर लावला आणि त्याच पदराने पापडीचं पुडकं धरून उघडलं. "खाओ," म्हणाल्या. आम्ही खाल्ली.

त्या दिवशीचा चहाही शेवटी मीच केला. बाबांनी तो प्यायला, म्हणाले "चांगलाय", आणि खोलीत गेले. दार लोटून घेतलं. मला वाटलं, संपलं. लबाडी उघडी पडली, आता खेळ कसला? मी इतक्या हुशारीने ती कानटोपी काढायला सांगायला नको होती. चालला होता तसा चालू दिला असता तर बाबा निदान रोज बाहेर तरी आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये फोन लावला. बाबा खोलीतून आले. डोक्यावर कानटोपी नव्हती. खांद्यावर टॉवेल होता. त्यांची अंघोळ कधीच आटपलेली असते या वेळेला. त्या दिवशी केली नव्हती.

त्यांच्या हातात त्यांचा फोन होता, रेडिओ चालू. इअरफोन काढलेला. त्यांनी तो टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"हा इथे राहू दे," ते म्हणाले. "मी अंघोळीला जातो."

"बाबा, मग तो..."

"चार्जिंग बघ जरा त्याचं." आणि ते न्हाणीघरात गेले. आतून कडी लागली, बादलीत पाणी पडायला लागलं.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. माझ्या फोनवरच्या बातम्या थांबल्या. बाबांच्या फोनवरच्या चालू राहिल्या. दादा विचारत होता, बाबा कसे आहेत. मी म्हटलं, "अंघोळीला गेलेत." तो म्हणाला, "आत्ता?" मी म्हटलं, "हो, आत्ता. थांब, मला ऐकू दे." बाबांच्या फोनवर बातम्या संपल्या. सारंगी वाजली. मग एक गाणं सुरू झालं, जुनं, आईच्या आवडीचं वगैरे नव्हे, आपलं साधंच. मी ते पूर्ण ऐकलं. दादा तिकडून "हॅलो, हॅलो" म्हणत राहिला. गाणं संपलं तेव्हा मी त्याचा फोन ठेवला आणि बाबांचा फोन पालथा करून त्याचा आवाज बंद केला.

न्हाणीघराची कडी निघाली. बाबा ओल्या केसांनी बाहेर आले. टॉवेलने कान पुसत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. माझ्या फोनवर आता कुठे बातम्या संपत होत्या. सारंगीचा पहिला स्वर निघाला.

मी मुखडा सांगितला. आवाज जरा मोठाच लागला माझा.

बाबांनी सारंगी संपेपर्यंत वाट पाहिली. नियम तो नियम. गाणारीने सुरुवात केली, आणि बाबा म्हणाले, "छे. जिभेवर होतं."

ते स्वयंपाकघरात गेले. मी उठायला लागले तर आतून आवाज आला, "बस." मी बसले. भांड्यात पाणी पडल्याचं ऐकू आलं. मग डबे हलवल्याचा आवाज.

"चहाचा डबा कुठे गेला?"

"खालच्या फळीवर."

"खाली का?"

"मला वर हात पुरत नाही."

"आणि ही लीली चा आहे की वाळलेलं गवत? बाजारात जाणं सोडलंस का?" मग आलं ठेचायचा आवाज. "हे आलं असं ठेवतात? फ्रिजमध्ये उघडं? आणि गाळणी बघ. गाळणी म्हणतात का हिला?"

एवढं तर ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मी पाय वर घेतले. वर घ्यावेत असं ठरवून नव्हे; बघते तो घेतलेले होते.

दार वाजलं. मासींना वास लागला होता. त्यांनी दारातूनच आत पाहिलं, बाबांच्या हातातली सांडशी पाहिली, माझे वर घेतलेले पाय पाहिले, आणि काही न विचारता सोफ्यावर येऊन बसल्या.

बाबा तीन कप घेऊन आले. वाफ होती, आल्याचा आणि लीली चाचा वास होता. मासींनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आने कहेवाय चा." याला म्हणतात चहा! मला ते बोलणं लागायला हवं होतं, लागलं नाही.

बाबा खुर्चीवर बसले. दुसरं गाणं चालू होतं; त्यांनी दोन ओळी ऐकल्या, कप खाली ठेवला.

"दादाला एक सांगून ठेव," ते म्हणाले.

"काय?"

"फोन रोज याच वेळेला करत जा म्हणावं. आणि जरा वेळ बोलत जा."